चिंचेच्या पाण्यातली पोवळी

माझी नात मुक्ता समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या पोवळ्यांचा अभ्यास करते असं मी इथं, माझ्या सासरी मढच्या बायकांना सांगितलं, तेव्हा शेजारच्या ताराबाईनं विचारलं, "म्हंजी सोनाराकडं कामाला लागली व्हय?" मी तिला समजावत बसले नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, आणि वर थोडा आनंदही झाला होता, की चला, या घरात पुन्हा पोवळी येणार. मुक्तानं एकदा सुट्टीला आल्यावर विचारलं, की आजी, तुमच्या माळावरच्या गावात समुद्राच्या पोटातलं पोवळं आलंच कसं, ते मला नीट लिहून दे. दोन ओळींत सांगता आलं असतं. पण पोवळ्यामागून सखू येते, आणि सखू आली की माझं दोन ओळींत भागत नाही.

आमचं माहेरचं घर निमगाव सावाच्या कडेला, जिथं गाव संपून माळ सुरू होतो तिथं होतं. वडिलांनी वावर धरलं होतं, चुलत्यांनी मेंढरं सोडली नव्हती. दोघांची चूल मात्र एकच. पहाटे जात्याच्या आधी मेंढरांचा आवाज असायचा. वाघरीतून, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणातून, आया चरायला निघायच्या आणि मागं राहिलेली कोकरं डालग्याखाली ओरडत बसायची. वेताचं ते भलंमोठं डालगं उपडं घातलं की कोकरांना ना कुत्र्याची भीती, ना कोल्ह्याची. सगळ्या घराला लोकरीचा वास होता. भाकरीला होता, पाण्याला होता, निजताना अंगावर घेतलेल्या घोंगडीला तर होताच. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि कांदा, पाहुणे आले तर मासवडी. आमच्या भागात मासवडीशिवाय पाहुणचार होत नाही. बेसनाची लांबट वडी, पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, कापली की माशाच्या तुकड्यासारखी दिसते. आम्हा कोरड्या मुलखातल्या माणसांचा माशाशी संबंध तेवढाच.

वडिलांच्या आईला घरात सगळे थोरली म्हणायचे. दाराशी बसून टकळीवर लोकर कातणारी, बारीक, काळी, जिभेनं तिखट बाई. लहानपणी बापाच्या मेंढरांबरोबर घाट उतरून ती कोकणात गेली होती, आणि घरात समुद्र बघितलेली ती एकटीच होती. हे ती कुणाला विसरू द्यायची नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी समुद्राची गोष्ट निघायची. तिच्याजवळ पोवळ्यांचा एक सर होता. तिला तो सासूकडून आला, सासूला तिच्या सासूकडून. मूळ कुठून आला विचारलं की ती नाणेघाटाच्या दिशेनं हात उडवायची, म्हणजे ती बाजू सगळी समुद्राची. पोवळं म्हणजे समुद्रातलं झाड, हे तिचं ठाम म्हणणं. पाण्यात आहे तोवर कोथिंबिरीसारखं मऊ असतं, हलतं, आणि बाहेर काढून वारा लागला की दगड होतं.

मुक्ताला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, आजी, ते झाड नाही आणि दगडही नाही. तांदळाच्या दाण्याएवढे जीव एकमेकांना चिकटून राहतात, आणि सगळे मिळून आपल्या अंगातून तो लाल सांगाडा उभा करतात. म्हणजे एकत्र कुटुंब, मी म्हटलं. मग भांडत असतील. तर म्हणते, नाही गं, त्यांची पोटं आतून जोडलेली असतात, एकानं खाल्लं की सगळ्यांना पोचतं. मला काही ते पटलं नाही. एका चुलीवर जेवलेली माणसं मी बघितली आहेत.

त्या सराचा घरात एक रिवाज होता. ज्या मुलीचं लग्न ठरेल तिनं साखरपुड्यापासून लग्नापर्यंत तो सर गळ्यात घालायचा. लग्नात त्यातली दोन पोवळी काढून तिच्या मंगळसूत्रात वाट्यांच्या दोन अंगांना ओवायची, आणि उरलेला सर पुन्हा थोरलीच्या पेटीत. प्रत्येक लेकीगणिक सर दोन पोवळ्यांनी आखूड व्हायचा. आमच्या आत्यांच्या गळ्यात ती दोन-दोन पोवळी होती, आणि जत्रेत कुठंही भेटल्या तरी ही निमगावची, हे बायका ओळखायच्या. चुलते मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करतात तशीच ही खूण, असं थोरली म्हणायची. खुणेचं मेंढरू हरवलं तरी कुणाचं ते कळतं. पोवळ्याविना सासरी गेलेली लेक म्हणजे आमच्या घरानं दिलीच नाही, वाऱ्यावर सोडली.

घरात लग्नाच्या वयाच्या पोरी दोनच. मी, हौसा, आणि चुलत्यांची सखू. मी तिच्याहून वर्षानं मोठी. त्यामुळं सर आधी माझ्या गळ्यात पडणार हे मी धरून चालले होते. आंघोळ झाली की मी ओल्या केसांनी हंड्याच्या पितळेत स्वतःला बघायची आणि गळ्यावर बोटांनी सराची जागा आखायची. आता आठवलं की त्या पोरीची कीव येते. मान आखूड, हनुवटी टोकदार, आणि तोरा असा की पोवळी हिच्यासाठीच उगवली.

सखूबद्दल मी आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही, ते इथं सांगते. तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती आणि तेच मला सहन व्हायचं नाही. तिची भाकरी तव्यावर टम्म फुगायची, माझीला कडेनं भोक पडायचं. एखादी मेंढी आपल्या कोकराला पाजत नसली की चुलते सखूला हाक मारायचे. ती मेंढीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि मेंढी मुकाट्यानं उभी राहायची. मी तेच करायला गेले तेव्हा मेंढीनं मला शेणात बसवलं. आणि एवढं सगळं असून सखूला राग म्हणून यायचा नाही. राग न येणाऱ्या माणसाशेजारी राहणं फार कठीण असतं. मी तिची वेणी ओढली तर ती म्हणायची, "हौसे, तुजी वेणी मी घालू का?" आणि घालायची पण.

एकच गोष्ट मला तिच्याहून बरी जमायची. घासणं. तांब्या, समई, हंडे, देवघरातले चांदीचे टाक, काहीही द्या, मी चिंच भिजवून असं उजळून काढायची की शेजारच्या बायका सणाआधी भांडी माझ्यासमोर आणून ठेवायच्या. जत्रेच्या आदल्या दिवशी देव उजळायचा मान माझा. थोरली म्हणायची, हिच्या हाताखालून गेलं ते लख झालं. एवढ्या एका वाक्यावर मी वर्षभर जगायची.

तर झालं असं की खोडदची माणसं मला बघायला आली आणि सखूला पसंत करून गेली. तिनं पाणी आणून दिलं, एवढंच तिचं चुकलं. चुलत्यांनी आमच्या वडिलांना विचारलं, वडील म्हणाले घरचंच सोनं हाय, कुठलंही जाऊ दे. मला कुणी विचारलं नाही. मी थोरलीजवळ जाऊन बसले आणि सरळ म्हटलं, की मोठी मी आहे, सर आधी माझा. तिची टकळी थांबली नाही.

"सर मोठीला नसतो, पयलीला असतो," ती म्हणाली. "तुजं ठरंल तवा तुला."

सखूच्या साखरपुड्याला मासवडीचा रस्सा मीच ढवळला. त्यात तिखट जास्त पडलं असं लोक म्हणाले. थोरलीनं पेटी उघडली आणि सखूच्या गळ्यात सर घातला. काय दिसला तो. ओल्या मिरचीसारखा लाल. सखूनं मान खाली घातली होती आणि तिच्या मानेवरून ते मणी असे ओळीनं उतरले होते, जणू तिथंच तयार झाले. आत्या म्हणाली, "हिच्यासाठीच राखला व्हता जणू." मी चुलीमागं जाऊन धुराच्या नावाखाली रडून घेतलं.

लग्नात दोन पोवळी निघाली, सखू खोडदला गेली. जिथं आता त्या आभाळ ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या अवाढव्य थाळ्या उभ्या आहेत तिथं तेव्हा नुसती बाजरी होती. सर पेटीत परत आला, आणि थोरली झोपली की मी तो काढून बघायची. मण्यागणिक बोट फिरवायची. माझी खात्री झाली की सगळ्यात लाल दोन सखूनं नेली आणि माझ्यासाठी फिकी ठेवली. पोवळी थोरलीनं स्वतः निवडून दिली होती, हे माझ्यासमोर झालं होतं. पण मत्सराला डोळे असून उपयोग नसतो, त्याचं मत आधीच ठरलेलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात मुक्तानं तिच्या लॅपटॉपवर मला एक चित्रफीत दाखवली. जहाजावरून दोराला बांधून कॅमेरा खाली सोडला होता, जिथं ऊन पोचतच नाही तिथं. आधी नुसता काळोख. मग दिव्याच्या उजेडात एक लाल फांदी, आणि तिच्यावर बारीक पांढरी फुलं, प्रत्येकाला आठ पाकळ्या. ती फुलं म्हणजेच ते जीव. कॅमेऱ्याचा धक्का लागला तशी सगळी एकदम मिटली, लाजाळूसारखी. वरून चुरा पडत होता, अक्षता पडाव्यात तसा सावकाश. वरच्या पाण्यात जे मरतं, जे उष्टं राहतं, ते झिरपत खाली येतं आणि हे हात पसरून तेच खातं. मी म्हटलं, आयतंच खातंय की. मुक्ताला ते लागलं. मग तिनं मला फांद्यांच्या आत बघायला सांगितलं. तिथं बोटभर मासे दडले होते, काडीसारखे पाय असलेले खेकडे होते, एका फांदीला कुठल्याशा माशानं अंड्यांची पिशवी अडकवून ठेवली होती. खाली मैलोन्मैल नुसता चिखल, आडोसा म्हणून नाही. जिथं पोवळं उभं आहे तिथंच पिल्लं जगतात, आणि तीच मोठी होऊन समुद्रभर जातात. पोवळं मोडलं की सगळं उघड्यावर.

"डालगं हाय मग ते," मी म्हटलं.

मुक्तानं लहानपणी निमगावला डालगं बघितलं होतं. ती म्हणाली, "आजी, हे मी माझ्या भाषणात सांगू?" मी हो म्हटलं. पण खरं सांगू, मला त्या फांदीचा हेवा वाटला. ही पोरगी त्या पोवळ्याचं बघायला महिना महिना जहाजावर उलट्या करत राहते, आणि माझ्या गुडघ्याचं विचारते ते फोन ठेवताना. वर सखूशी फोनवर तासभर बोलते. सखूआजी किती गोड आहे गं, म्हणते. असेल.

सखू सासरी गेली त्याच्या पुढच्या हंगामात माझं ठरलं. मुलगा मढचा, माळशेजच्या वाटेवरचा, भातशेती, पाऊस म्हणाल तर चार महिने सूर्य दिसत नाही. खोडद माहेराला लागून, सखू भाकरी बांधून सकाळी निघाली की दुपारी निमगावात. मढ म्हणजे तालुक्याचं दुसरं टोक. इथंही तीच पुढं. पण मी गप्प होते, कारण सर आता माझा होता. मध्यस्थ आला तेव्हा थोरलीनं त्याला बजावून सांगितलं होतं, की आमच्या घरची लेक लालभडक पोवळ्यांनिशी येते, मढच्या विहिणीला सांगा. विहिणीनं ते चारचौघींना सांगितलं असं कानावर आलं. ती बघायलाच येणार होती.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सखू आली. पाय धुवायला वाकली आणि मंगळसूत्र पदराबाहेर आलं. तिची ती दोन पोवळी. मी बघतच राहिले. पेटीतल्या सराहून कितीतरी लाल, आतून दिवा लावल्यासारखी. अंगावर राहिलेलं पोवळं अंगाच्या तेलानं तसं होतं हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं, की उद्या माझ्या गळ्यात अख्खा सर असूनही लोक हिच्या दोन मण्यांकडं बघणार. मध्यस्थाचं बोलणं, विहिणीचं येणं, सगळं गेलं. मनात एकच राहिलं, की माझी तिच्याहून लाल दिसली पाहिजेत. आणि उजळायचं म्हटलं तर ह्या पंचक्रोशीत माझा हात धरणारं कोण होतं?

दुपारी बायका मासवडीचं सारण करायला बसल्या. खोबरं भाजल्याचा वास सगळीकडं पसरला होता. मी मागच्या पडवीत वाटीत चिंच कोळली, चांगली दाट, आणि थोरलीच्या पेटीतला सर तिच्यात बुडवला. बारीक बुडबुडे सुटले. मण्यामण्याभोवती, फेसासारखे. तांब्याला असं कधी होत नाही, चांदीलाही नाही. मला काय वाटावं? वाटलं, मळ निघतोय. किती पिढ्यांचा घाम साचला असेल, तो सुटतोय. मी खूष होऊन वाटी झाकली आणि बायकांत जाऊन बसले. सखूनं विचारलं, की आज एवढी का हसतेस. मी म्हटलं, उद्या कळंल. मग थोड्या वेळानं उठून गेले, रेतीची चिमूट घेतली आणि प्रत्येक मणी चोळून काढला. टाक उजळते तशी, जीव लावून. पाण्यातून बाहेर काढले तेव्हा ओले होते म्हणून लाल दिसले. मी ते उन्हात ठेवले. वाळले, आणि माझ्या डोळ्यांदेखत शाळेतल्या खडूसारखे झाले. कुठं गुलाबी, कुठं पांढुरके, हाताला खरखरीत. मी परत पाणी लावलं, लाल झाले. वाळले, पांढरे. असं मी किती वेळा केलं ते सांगत नाही. उद्या दिवसभर कुणीतरी माझ्या गळ्यावर पाणी मारत राहिलं तर निभेल का, असाही विचार त्या शहाण्या मुलीनं केला होता.

ही गोष्ट मी मुक्ताला हसवायला म्हणून सांगितली होती. बुडबुड्यांपर्यंत ती हसली. मग म्हणाली, आजी, समुद्रात तेच चाललंय. आपल्या गाड्यांचा, कारखान्यांचा धूर हवेत जातो, हवेतून पाण्यात उतरतो, आणि पाणी हळूहळू आंबट होतं. जिभेला कळणार नाही इतकं, पण पोवळ्याला कळतं. त्याला अंग धरवत नाही. आधीच ते इतकं सावकाश वाढतं, की तुझ्या लग्नात जे बीज तळाला चिकटलं असेल त्याची फांदी आज जेमतेम करंगळीएवढी जाड झाली असेल. त्यातून माणसं तळावरून जड जाळी फरफटत नेतात, दागिन्यांसाठी काय, मासळीसाठी काय, आणि आजोबा-पणजोबांच्या वयाचं रान एका ओढीत झोपतं. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, म्हणजे समुद्रालाही कुणीतरी हौसा भेटली म्हणायची. मुक्ता म्हणाली, "तू निदान उजळायला गेली होतीस."

पडवीत मला पहिल्यांदा सखूनं बघितलं. तिनं सर हातात घेतला, मला वाटलं आता हसेल, आणि हसली असती तर मी तिला कायमचं माफ केलं असतं. पण ती हसली नाही. आत जाऊन खोबरेल तेल आणि घोंगडीचा मऊ झालेला तुकडा घेऊन आली, आणि माझ्याशेजारी बसून एकेक मणी चोळू लागली. तेलानं थोडी लाली आली, फार नाही. ती म्हणाली, की उद्या माझी दोन पोवळी पुढं ओव, विहिणीला तीच दिसतील, तुझी फिकी दोन मी घालते.

"तुजं उष्टं नको मला," मी म्हटलं.

सखू चोळत राहिली. मला तिच्या हातातून सर ओढून घ्यावासा वाटत होता आणि तिनं चोळायचं थांबवू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. 

थोरलीला सांगायची वेळ आली तेव्हा सखूच माझ्याबरोबर आली. थोरलीनं सर उजेडात धरला, हुंगला, चिंच ओळखली. मी मार खायच्या तयारीनं उभी होते. तिनं फक्त एवढं विचारलं, "देव म्हनून घासलं का भांडं म्हनून?" सर तिनं पेटीत ठेवला नाही. रात्रभर पदराला बांधून निजली.

दुसऱ्या दिवशी मढची माणसं आली. सासूबाई रुंद, रेटून बसणाऱ्या, डोळे बारीक. थोरलीनं सर्वांसमोर तो सर माझ्या गळ्यात घातला. बाहेर डालग्याखाली एक कोकरू तेवढं ओरडत होतं. सासूबाई पुढं वाकल्या, एक मणी चिमटीत धरला आणि म्हणाल्या, की मध्यस्थानं तर लालभडक सांगितलं होतं. आमच्या वडिलांनी मान खाली घातली. आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी जमिनीत गेले. लग्न मोडतंय असं मला वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, सखूसमोर मोडतंय.

थोरलीनं पायावरचं लुगडं सारखं केलं. "इहिणबाई, पोवळं पेटीत लाल नसतं. लेकीच्या अंगाला लागलं म्हंजी लाल व्हतं. पोर गुणाची आसंल तर सालभरात रंग धरंल. न्हाय धरला तर परत आणून घाला. पोर बी आन सर बी."

सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी अख्खा सर द्येनार?"

मला थोरलीचा चेहरा दिसत होता. क्षणभर ती आपल्याच शब्दात अडकलेली दिसली. रिवाज दोन पोवळ्यांचा. पण दोन पोवळ्यांचा रंग कोण बघणार, आणि बोललेला शब्द ओटीवर सगळ्यांनी ऐकलेला. तिनं एकदा सराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाली, "अख्खा."

असा तो सर माझा झाला. पिढ्यान्‌पिढ्या दोन-दोन मण्यांनी आखूड होत आलेला, तो एकदम माझ्या गळ्यात संपला. ज्या मुलीनं तो बिघडवला तिलाच तो सगळा मिळाला, हा न्याय कुठल्या पंचायतीत बसेल मला माहीत नाही. पाहुण्यांनी मासवडी खाल्ली, तिखट बरोबर झालं होतं, कारण रस्सा सखूनं केला होता. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतला आणि विचारलं, ही कोणाची. माझ्या साखरपुड्यात.

लग्नापर्यंत मी सर काढला नाही. झोपताना नाही, आंघोळीला नाही. रोज सकाळी हंड्यात बघायची, रंग आला का. रंग असा एका दिवसात येत नाही, पण पोरगी गुणाची आहे की नाही हे त्यावर ठरणार होतं, म्हणून मी तेल चोळत राहिले. मढला गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात तो थोडा धरला. जुन्यासारखा कधीच झाला नाही. सासूबाई मात्र दर सणाला मणी चिमटीत धरून बघायच्या आणि म्हणायच्या, येतोय, येतोय. मला वाटतं त्यांना माझा राग यायचा तेव्हा त्यांना तो फिका दिसायचा.

पण निघायच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. ट्रक दाराशी उभा होता, वऱ्हाड चढून बसलं होतं. आमच्याकडं लेक निघताना बायका गळ्यात पडून मोठ्यानं रडतात, आणि जी जितकी रडेल तितकी तिची माया. आई रडली, चुलती रडली, आत्या तर इतकी की तिला धरावं लागलं. मग सखू आली. तिनं मला मिठी मारली, हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली, आणि माझ्या मानेवरच्या मण्यांवरून एक बोट हळूच फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायकांना वाटलं धाकटी मोठीला सासरचं काहीतरी शिकवतेय, म्हणून सगळ्या जरा गप्प झाल्या. सखू माझ्या कानात म्हणाली, "समदीच घेतलीस की गं, हौसे."

उभ्या आयुष्यात मला कुणी इतकं गोड बोललेलं नाही. सखूला हेवा वाटला होता. सखूला, माझा. मला हसू असं फुटलं की आवरेना. मी तोंड तिच्या पदरात खुपसलं आणि हसत सुटले, खांदे गदगदा हलायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, बघा कशा रडतात, सख्ख्या बहिणी अशा रडायच्या नाहीत. आणि तेव्हा मला कळलं की सखूचेही खांदे हलतायत. तोंड माझ्या मानेत दडवलेलं, श्वास गरम, आवाज नाही.

ती रडत होती का हसत होती, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. खोडदला गेले की दर वेळी ओठावर येतं आणि मी चहा पिऊन परत येते. रडत होती म्हणाली तर ठीक. पण हसत होती म्हणाली, तर तो हेवा नव्हता, थट्टा होती, आणि त्या दिवशीही पहिली तीच.